बादशाहची दाढी

वच्छलानं सहा इवल्या बाटल्या तुरीच्या कणगीत जपून ठेवल्या आणि आईला बजावलं, "माय, दहा दिवस इकडे हात लावू नको."

"मंग वरणात काय टाकू? तुह्या बाटल्या?" पंचफुला म्हणाली.

नागपुरात वच्छलाच्या प्रयोगशाळेची भिंत पाडणं चाललं होतं. घणाच्या ठोक्याला बाटल्या थरथरत, आणि थरथरत्या पाण्यात स्फटिक धरत नाही. "तुमच्या मेडशीत शांतता असेल," असं, खेडं कधीच न पाहिलेल्या तिच्या सरांनी सांगितलं आणि होता नव्हता तेवढा माल तिच्या हवाली केला. त्यात पपईच्या चिकातली एक कात्री होती, म्हणजे प्रथिनं कापणारं विकर. आणि तिच्या पात्यांत सरांनी अडकवलेलं बूच, ती बंद पाडणारा रेणू. स्फटिक झाला तर ते बूच नेमकं कसं बसलं हे क्ष-किरणांत दिसणार होतं. मग विषाणूच्या कात्रीलाही औषध म्हणून तसंच बूच घडवता आलं असतं. स्फटिक नाही झाला, तर वच्छलाचं संशोधन तिथंच थांबणार होतं.

दुसऱ्या सकाळीच पंचफुलानं तूर काढली. बाटल्या गडगडल्या. वच्छलानं त्या उचलून कोनाड्यात मांडल्या, तोच मागे निजामुद्दीनची पिठाची चक्की सुरू झाली आणि सारी भिंत घुमू लागली.

"भाई, दहा दिवस चक्की बंद ठेवता काय?"

"ठेवतो ना. गावाले भाकरी तू घाल."

वच्छला हटणारी नव्हती. पदराखाली तान्हं न्यावं तशा तिनं बाटल्या गावाबाहेर अमीनाबीच्या गोठ्यात नेल्या आणि आजाराच्या कात्रीला बूच करायचंय, असं तिला सांगितलं.

"ठेव वं बाई," अमीनाबी म्हणाली. "आमचा बादशाह लई शांत हाये."

बादशाह म्हणजे गुडघ्यापर्यंत दाढी आलेला बोकड. त्यानं बाटल्यांकडे पाहिलं आणि शांतपणे रवंथ चालू ठेवला.

दहाव्या दिवशी वच्छलानं एकेक बाटली उजेडात धरली. पाच बाटल्या नितळ, नुसत्या पाण्यासारख्या. तरी सहावी उचललीच. आत एक भुरा केस तरंगत होता, आणि त्याच्या अंगावर, गवताच्या पात्यावर दहिवर बसावं तसे, टोकदार स्फटिक!

"खाला, हा केस कोनाचा?"

अमीनाबी पदराशी चाळा करू लागली. "तिसऱ्याच दिशी बादशाहनं बाटलीचं बूच उपसून दाढी बुडवली. म्या परत लावलं. तू रडशीन म्हून सांगतलं नाही."

नागपुरात सर नाचायचेच बाकी होते. पण वहीत "बोकडाच्या दाढीचा केस" वाचताच त्यांनी त्यावर काट मारली. हाती आलेले स्फटिक किरणांत विरून गेले, आणखी हवे होते. उरलेल्या पाच बाटल्यांत सरांनी काचेचा तंतू घातला, रेशमाचा धागा घातला, शेवटी स्वतःच्या मिशीचा केसही घातला. काही धरेना. चौथ्या आठवड्यात त्यांनी गुपचूप एक कोरं पोस्टकार्ड वच्छलापुढं सरकवलं.

आठ दिवसांनी मेडशीहून पुडी आली. आत सात केस आणि अमीनाबीनं कुणाकडून तरी लिहवून घेतलेली चिठ्ठी:

"बादशाहची हनुवटी थंडीत उघडी पडून राह्यली. सरले म्हना, दाढी संपत आली, बूच लवकर करा."