वेल जुळली आणि खाट निघाली

"लोकांचे बत्तीस दात एका ओळीत आणतो मी! एका स्वयंपाकघराच्या टाइल्स जुळवायला डिझायनर कशाला हवा?"

दातांच्या डॉक्टरांनी छाती फुगवून हे जाहीर केलं, तेव्हा त्यांची बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. ती फक्त "बरं" म्हणाली. या "बरं"चा अर्थ डॉक्टरांना इतक्या वर्षांत कळला नव्हता, तो त्या दिवशी तरी कुठून कळणार!

टाइल्स तिच्याच पसंतीच्या होत्या. पांढऱ्यावर निळी वेल. एका टाइलवरून निघायची, दुसरीवर वळायची, तिसरीवर पान फुटायचं. डॉक्टरांनी लॅपटॉपवर घराची रचना करायचं सॉफ्टवेअर घेतलं, अख्खं घर त्यात उभं केलं. घरातच राहणाऱ्या आपल्या सासूबाईंची खाटसुद्धा त्यांच्या खोलीत जिथल्या तिथे ठेवली. मग स्वयंपाकघराच्या भिंतीला वेल चिकटवली, आणि किंचाळले!

"काय झालं?" बायको धावत आली.

"पान तुटलं!"

"कुठलं पान?"

कोपऱ्यात दोन भिंती मिळत होत्या, तिथे मागच्या भिंतीवर अर्धंच पान उरलं होतं. बाजूच्या भिंतीवर वेल पुन्हा पहिल्यापासून सुरू. अर्ध्या पानाला शेजारी देठ! वाकड्या दातांवर आयुष्य काढलेल्या माणसाला हे कसं बघवणार?

वेल जरा सरकवावी म्हटलं, तर सॉफ्टवेअरमध्ये सरकवायची सोयच नव्हती. मग डॉक्टरांनी पळवाटा शोधायला सुरुवात केली. चित्र उलटं केलं, तर वेल छतातून उगवून जमिनीकडे निघाली. भिंतीचे दोन तुकडे केले, तर मधोमध फट पडली आणि फटीतून शेजाऱ्यांची बाग दिसायला लागली. भिंतीपुढे पातळ खोटी भिंत उभी केली, तर ओटा तिच्यामागे गडप!

"अहो, ओटा कुठे गेला?"

"ओट्याचं काय घेऊन बसलीस! वेल बघ!"

शेवटी अक्कल लढवली. अर्धं पान पुरं व्हायला भिंत चार बोटं लांब हवी ना? मग करायची लांब! त्यांनी कोपरा धरला आणि पलीकडे ढकलला. पान पुरं झालं, देठाला देठ मिळाला. डॉक्टर खुर्चीतल्या खुर्चीत नाचले. लगेच नकाशाचं चित्र घरच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, "अखेर मनासारखं झालं! बरेच दिवस हेच खुपत होतं."

आता त्या कोपऱ्यापलीकडे सासूबाईंची खोली होती. खोली चार बोटं आक्रसली, तिथली खाट मावेना. आणि न मावणारं सामान जवळच्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवायचं, अशी त्या सॉफ्टवेअरला सवय. त्याने खाट उचलली आणि परसात, पाण्याच्या टाकीशेजारी ठेवली. उशीसकट! डॉक्टरांचं लक्ष होतं पानाकडे.

सासूबाईंचं मात्र खाटेकडे गेलं.

पहिला फोन मेहुण्याचा आला. "भावजी, आईने काय घोडं मारलंय तुमचं?"

"कुणाचं घोडं?"

"टाकीशेजारी? उघड्यावर? आणि वर लिहिता, बरेच दिवस खुपत होतं? मी गाडी घेऊन येतोय!"

डॉक्टरांनी चित्र नीट पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आतल्या खोलीतून बॅगेची चेन ओढल्याचा आवाज आला. ते धावले.

"आई, अहो, ते फक्त टाइल्ससाठी!"

"टाइल्ससाठी!" सासूबाईंनी शाल बॅगेत कोंबली. "म्हणजे जावईबापूंना फरशी प्यारी! असू दे. तुमच्या टाकीला माझी अडचण नको."

बायको आईच्या बॅगेतून शाल परत ओढू लागली. डॉक्टर लॅपटॉपकडे पळाले. खाट आत आणलीच पाहिजे! त्यांनी कोपरा मागे ओढला. भिंत परतली, खाट काही परतेना. त्यांनी ती उचलून टाकली, ती न्हाणीघरात पडली. पुन्हा उचलली, ती छतावर जाऊन बसली! तेवढ्यात दारात गाडी थांबली, मेहुणा आत शिरला, आणि नेमक्या त्याच क्षणी पडद्यावर सासूबाईंची खाट कौलांवर डुलत होती.

"आता छतावर?" मेहुणा गरजला.

"खाली आणतोय रे, खाली आणतोय!"

कशीबशी खाट खोलीत उतरली, पण त्या ओढाताणीत स्वयंपाकघराची मागची भिंतच पुसली गेली. डॉक्टरांनी घाईघाईत ती पुन्हा काढली. गडबडीत डावीकडून काढायची ती उजवीकडून, कोपऱ्यापासूनच ओढली. आणि काय आश्चर्य! भिंत जिथून ओढावी तिथूनच वेल सुरू व्हायची, म्हणून आता ती कोपऱ्यातूनच निघाली. पान पूर्ण, देठ जुळलेला, आणि कुणाची खोली बोटभरही कमी नाही!

सासूबाई डोळ्यांना पदर लावून, बॅग घेऊन उंबऱ्याशी आल्या होत्या. मेहुणा म्हणत होता, "चल आई, इथे आता काही उरलं नाही." आणि डॉक्टर हात उंचावून ओरडले,

"जमलं! सुटलो एकदाचा!"

मेहुण्याने बाह्या सरसावल्या.

"अहो," बायको दातओठ खात म्हणाली, "तो लॅपटॉप आईला दाखवा. आत्ता!"

डॉक्टरांनी दाखवला. पान दाखवलं, खाट दाखवली, हात जोडले, पुन्हा पान दाखवलं. "आई, खोटं बोलत असेन तर मलाच टाकीशेजारी झोपवा!"

सासूबाईंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. मग बॅग खाली ठेवली. "ही खाट खिडकीकडे सरकते का हो?"

"सरकते की!"

"मग सरकवा. आणि ते कपाट काढा तिथून, मेलं अंगावर येतं."

मेहुणा चहा घेऊनच गेला. जाताना आपल्याही घराचा नकाशा करून मागितला.

महिन्याभरात खऱ्या टाइल्स लागल्या. कोपऱ्यात वेल अशी जुळली की सांधा शोधून सापडेना. डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. मागून दोन हमाल आले. "साहेब, जरा बाजूला."

बायकोने बोट दाखवलं. "तिथे, त्या कोपऱ्यात. प्लग तिथेच आहे."

आणि फ्रिज येऊन बसला!

हल्ली पाहुणे आले की डॉक्टर धापा टाकत फ्रिज पुढे ओढतात आणि मोठ्या अभिमानाने मागे बोट दाखवतात.

पाहुणे वाकून बघतात, मान डोलवतात आणि म्हणतात, "वा! नवा घेतलात वाटतं? किती लिटरचा?"