खड्डा न दिसल्याचा दाखला

चष्मेकाकांच्या गाडीचं पुढचं चाक खड्ड्यात गेलं, ही तशी दखल घ्यावी अशी घटना नव्हती. त्या रस्त्यावर एखाद्या नवख्याचं चाक रोजच खड्ड्यात जातं. दखल घ्यावी लागली ती एवढ्यासाठी, की काका नवखे नव्हते. खड्ड्याच्या बरोबर समोर त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं आणि दुकानाच्या पाटीवर हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं, 'इथे आलात की सगळं स्वच्छ दिसेल.'

चाकांचं म्हणाल तर ती अगदी नवी होती. मेहुण्याने आपल्या गाडीला लो-प्रोफाइल टायर बसवल्यापासून काकांना स्वतःची गाडी गमबूट घातल्यासारखी दिसू लागली होती. म्हणून त्यांनी कंपनीची जाडजूड चाकं काढून टाकली, मोठी चकचकीत अलॉय व्हील घेतली आणि त्यांच्या कडेने, डोळ्यात काजळाची रेघ ओढावी, इतका बारीक टायर चढवला. या टायरात रबर जितकं कमी तितकी किंमत जास्त असते. काकांना यात काही गैर वाटलं नाही. त्यांच्या धंद्यातही बिनफ्रेमचा चष्माच सगळ्यात महाग असतो.

घटनेच्या वेळी काका गाडी चालवता चालवता आपल्याच दुकानाच्या काचेत नव्या चाकांचं प्रतिबिंब न्याहाळत होते. शेजारी काकू बसल्या होत्या.

"अहो, खड्डा!" काकू म्हणाल्या.

"दिसतोय मला," काका म्हणाले, आणि गाडी खड्ड्यात गेली.

कोपऱ्यावरच्या टायरवाल्याने चाक काढून उजेडात फिरवून पाहिलं. रिमला तडा गेला होता आणि टायरच्या कुशीला लिंबाएवढा फुगा आला होता.

"काका, टायर म्हणजे चाकाची गादी," तो म्हणाला. "तुम्ही गादी काढून चाकाला चादरीवर झोपवलंत. मग दणका थेट हाडालाच बसणार की. पण मला सांगा, एवढा मोठा खड्डा तुम्हाला दिसला नाही?"

प्रश्न साधाच होता. वाईट एवढंच झालं, की तो मोठ्याने विचारला गेला आणि त्या वेळी टायरवाल्याकडे पंक्चर काढायला बरीच मंडळी खोळंबली होती. संध्याकाळच्या आत प्रश्न काकांच्या दुकानात येऊन पोचला. गल्लीतल्या एक आजी आदल्याच दिवशी नेलेला चष्मा परत घेऊन आल्या.

"बाबा रे, तुला तुझ्या दारातला खड्डा दिसेना, आणि मला सुईचं नेढं दाखवायला निघाला होतास?"

आजींच्या मागोमाग बँकेतला कॅशियर आला आणि नंबर जरा दुसरीकडेही तपासून घेतो म्हणाला. मग तर कोणी येईनासंच झालं. काका काचेच्या कपाटातल्या रिकाम्या फ्रेमा पुसत बसत, आणि त्या फ्रेमा आपल्याकडेच टक लावून बघताहेत असं त्यांना वाटे. आयुष्यात पहिल्यांदा काका घाबरले. चाक काय, नवं आणता येतं. गेलेलं नाव कुठल्या दुकानात मिळत नाही. आता चूक डोळ्यांची नसून खड्ड्याची होती असं कुठूनतरी शिक्क्यानिशी लिहून आणणं भाग होतं.

रस्ते खात्याचा 'पृष्ठभाग विषमता निवारण कक्ष' पहिल्या मजल्यावर होता. जिन्याची एक पायरी निखळलेली होती. कचेरीतली माणसं गप्पा मारत, वर बघत, ती पायरी सहज ओलांडून जात होती. काका मात्र तिला अडखळले आणि अधिकाऱ्यांच्या टेबलापाशी जवळजवळ लोटांगण घालतच पोचले.

"बसा," अधिकारी म्हणाले. ते शांत, सभ्य आणि कोणालाही मदत करायला तयार असलेले गृहस्थ होते. त्यामुळे त्यांच्या हातून कोणाचं काम सहसा होत नसे. "काय झालं?"

"खड्डा, साहेब."

"असा शब्द आमच्याकडे नाही. 'स्थानिक खोलगट भाग' म्हणा. तर तो तुम्हाला दिसला होता का?"

"दिसला असता तर त्यात गेलो असतो का?"

"म्हणजे तुमची नजर कमी आहे. मग लायसन्स जमा करावं लागेल."

काकांच्या डोळ्यांसमोर दुकानाची पाटी उभी राहिली. "नाही, नाही! दिसला होता. चांगला दिसला होता."

"आणि तरी तुम्ही गाडी घातलीत?" अधिकाऱ्यांनी पेन उचललं. "म्हणजे जाणूनबुजून. तुमच्या त्या धातूच्या चाकाने खोलगट भागाच्या कडा तुटल्या असणार. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान होतं ते."

"अहो, खड्ड्याचं कसलं नुकसान?"

"तो आधी होता त्यापेक्षा मोठा झाला की नाही?"

इकडे आड, तिकडे विहीर आणि मध्ये खड्डा, अशी काकांची गत झाली. त्यांचा चेहरा पाहून अधिकाऱ्यांना खरोखरच दया आली.

"एक मार्ग आहे," ते म्हणाले. "तुमचे डोळे उत्तम आहेत, पण तो भागच असा आहे की उत्तम डोळ्यांना दिसत नाही. तसं सिद्ध झालं तर दाखला मी स्वतः देतो. तुमचं नाव राहील, आणि आमचंही काम सुटसुटीत होईल. जे दिसत नाही ते बुजवणार कसं? तुम्ही तर या विषयातले तज्ज्ञ. तपासणी तुम्हीच करा."

काकांना हे पटलं. बुडत्याला काहीही पटतं.

तपासणीची सूचना रस्त्यावर लागली. तिच्यात शेवटी बारीक अक्षरांत एक ओळ होती, की ज्यांना सदर खोलगट भाग पूर्वी दिसलेला आहे, त्यांनी तो आजवर का कळवला नाही याचा लेखी खुलासा सोबत आणावा. त्या दिवशी सगळी वस्ती हजर राहिली. खुलासा कोणीच आणला नव्हता.

खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर काकांनी दुकानातला अक्षरांचा तक्ता टांगला. अलीकडे खुर्ची ठेवली. बाजूला अधिकारी नोंदी करायला पेन घेऊन बसले. पहिला नंबर वस्तीतल्या वकिलांचा होता. ते घरून येताना कोणाशी तरी फोनवर भांडत आले, बोलता बोलता खड्ड्याला सुबक वळसा घातला आणि खुर्चीत बसले. तक्त्यावरची सगळ्यात बारीक ओळ त्यांनी घडाघडा वाचली.

"आणि तक्त्याच्या अलीकडे काय दिसतं?" काकांनी विचारलं.

"रस्ता," वकील म्हणाले.

कॅशियरलाही रस्ताच दिसला. शाळेची व्हॅन चालवणारा तर म्हणाला, की रस्ता छान आहे. चष्मा परत करणाऱ्या आजींना तक्ताच दिसला नाही, पण खड्डा नाही याबद्दल त्यांनाही खात्री होती. टायरवाला एरवी फटकळ माणूस. पण आपल्या दुकानाची भरभराट कशावर चालते हे त्याला कळत होतं. त्याने हात जोडून सांगितलं, "काका, त्या दिवशी मी उगीच बोललो. तिथे काही नाहीच."

सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण गर्दीतून काकू पुढे आल्या आणि पदराने खुर्ची झटकून बसल्या. तक्ता त्यांनी खालून वर वाचला.

"आणि अलीकडे?" काकांनी हळूच विचारलं.

"खड्डा."

अधिकाऱ्यांचं पेन थांबलं.

"अगं, जरा नीट बघ," काका म्हणाले.

"नीट काय बघायचं त्यात? बोकड पडला तर वर येणार नाही एवढा खड्डा आहे. त्या दिवशी गाडीतही मी ओरडले होते, अहो, खड्डा! तर तुम्ही म्हणालात—"

"थांब!" काका जवळजवळ किंचाळले. त्यांनी घाईने टॉर्च काढला, काकूंच्या डोळ्यांत मारला, बराच वेळ हुंकार भरले आणि जड आवाजात जाहीर केलं, "अतिदृष्टी. या आजारात माणसाला गरजेपेक्षा जास्त दिसतं. घरातल्याच माणसाला व्हावा, हे दुर्दैव."

वस्तीने सुटकेचा श्वास सोडला. काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. संसारात अशी नजर एक-दोनदाच मिळते आणि ती पुढे फार दिवस पुरते. मग त्या उठून घरी गेल्या.

काकांनी तपासणीच्या अहवालावर सही केली, त्यावर मिळालेला दाखला फ्रेम होऊन दुकानात लागला आणि गिऱ्हाईक परत आलं. इतकंच नव्हे, काकांनी अतिदृष्टीवर जो धुरकट काचांचा चष्मा काढला, तो हातोहात खपू लागला. कोणाला पुलाची चीर दिसत होती, कोणाला नळाचं पाणी पिवळं दिसत होतं. काका सगळ्यांना तपासत आणि धीर देत.

पण एका गोष्टीचा त्यांनी विचार केला नव्हता. नवं चाक बसवून ते पहिल्यांदा गाडी घेऊन निघाले, तेव्हा रस्त्यावरचा प्रत्येक जण थबकून बघू लागला. स्टिअरिंग थोडं उजवीकडे घ्यायला काकांचे हात शिवशिवले. पण जो खड्डा निरोगी डोळ्यांना दिसत नाही असं त्यांनी सहीनिशी लिहून दिलं होतं, त्याला ते वळसा कोणत्या तोंडाने घालणार? त्यांनी ओठ घट्ट मिटले, मान ताठ केली आणि गाडी सरळ नेली. व्हायचा तो आवाज झाला.

"दिसला नाही?" टायरवाल्याने अदबीने विचारलं.

"दिसेल कसा?" काका म्हणाले.

पुढे कक्षाने रस्त्यावर एक शिपाईही नेमला. वळसा घेणाऱ्याला तो बाजूला घेऊन काय दिसलं ते विचारतो. त्यामुळे आता सगळेच सरळ जातात, टायरवाल्याने दुसरं दुकान काढलं आहे, आणि मेहुण्याने जुनी जाडजूड चाकं परत बसवली आहेत. फक्त काकू दुकानाच्या अलीकडे गाडीतून उतरतात, वळसा घालून चालत जातात आणि पलीकडे पुन्हा गाडीत बसतात. आजाराची सरकारदरबारी नोंद असल्यामुळे त्यांना तेवढी सवलत आहे.

तुम्हाला हे सगळं विचित्र वाटत असेल, तर काका तुमचीही तपासणी फुकट करतील. अक्षरं तर तुम्हाला उत्तम दिसतात. इथवर वाचलंतच की. आता एकच सांगा. काल घरी येताना शेवटच्या वळणापाशी तुम्ही गाडी जराशी बाजूला घेतलीत, ती कशासाठी?

आठवत नाही ना? मग काळजी नको. डोळे अगदी ठणठणीत आहेत.