पाण्याची नळी

"माझ्या पाण्याच्या नळीत आजवर काही सापडलेलं नाही," हे वाक्य ती दिवसातून दोनदा तरी म्हणायची. हातमोजे तासातासाला बदलायची, केस टोपीत कोंबायची, टेबल आरशासारखं पुसायची. प्रयोगशाळेत तिचं नावच पडलं होतं टापटीप. मास्क मात्र लावायची नाही. "मी काय आजारी आहे?"

रेणवीय जीवशास्त्राच्या अभ्यासक्रमाचं तिचं शेवटचं वर्ष होतं. मासळीच्या डीएनएच्या प्रती काढताना एक नळी नुसत्या पाण्याची ठेवतात. नमुन्याच्या नळ्यांची शेवटी पडद्यावर रेघ उमटते, पाण्याची जागा कोरी राहायला हवी. तिथे रेघ आली, तर कुठून तरी परका डीएनए, अगदी माणसाचासुद्धा, शिरला आणि सगळी मेहनत फुकट. गुरुवारी एका कंपनीच्या मॅडम हाच प्रयोग बघायला येणार होत्या. सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला जागा एक, उमेदवार दोन.

सोमवारच्या सरावात पाण्यात रेघ आली.

टापटीपने पाणी फेकलं, रसायनं फेकली, नव्या नळ्या काढल्या. मंगळवारी रेघ आणखी ठसठशीत. दोन्ही दिवस प्रयोगशाळेचे सर तिच्या डोक्यावर उभे राहून स्वच्छतेवर बोलत होते आणि ती उघड्या नळ्यांवर वाकून "हो सर, हो सर" म्हणत होती. बुधवारी सर बैठकीला गेले. नळी कोरी!

तिने शिपाईमामांना कोपऱ्यात गाठलं. "मामा, चोर सापडला. सर बोलतात तेव्हा थुंकी उडते."

"अगं बाई. मग हे सरांना तोंडावर सांगणार?"

"सांगणार कशाला? तोंडासमोर नळीच धरायची."

गुरुवारी दुसऱ्या उमेदवाराची नळी कोरी निघाली. टापटीपची पाळी आली तशी ती मॅडमना हळूच म्हणाली, "माझ्या पाण्यात रेघ येते. कारण मला कळलंय. सिद्ध करून दाखवू?"

मॅडमनी घड्याळ बघितलं. "दाखव."

एकाच बाटलीतलं पाणी दोन नळ्यांत गेलं. एक उघडी नळी मामांनी सरांसमोर धरली.

"सर, स्वच्छतेवर दोन शब्द?"

सरांना दोन शब्द कधीच पुरले नव्हते. ते पाव तास बोलले, हात हलवत बोलले, मामांनी एकदा चष्मासुद्धा पुसला. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला टापटीप स्वतःच्या नळीवर वाकून मॅडमना कुजबुजत समजावत होती, की सरांच्या नळीत रेघ का येणार आणि आपल्या नळीत का नाही.

दोन तासांनी चौघं पडद्यासमोर उभे होते. सरांच्या नळीची जागा कोरी. टापटीपच्या नळीत रेघ, रंगाऱ्याने मारल्यासारखी.

मामांनी खाली मान घातली, पण खांदे हलत होते.

"कसला प्रयोग होता हा?" सरांनी विचारलं.

टापटीपचा चेहरा उतरला. आता गप्प राहिलं तरी जागा जाणार, बोललं तरी जाणार. तिने वही ओढली आणि लिहिलं: "परका डीएनए माझाच. बुधवारी बोलायला कोणी नव्हतं, म्हणून नळी कोरी." खाली सही केली आणि वही मॅडमसमोर सरकवली.

मॅडमनी ती दोनदा वाचली. "त्या मुलाची नळी कोरी आहे, पण का, ते त्याला सांगता आलं नाही. तू स्वतःविरुद्ध पुरावा गोळा केलास, वर सही पण केलीस. सोमवारपासून ये. अट एकच, नळी उघडी असताना तोंड बंद."

"हो मॅडम," टापटीप आनंदाने म्हणाली. "नक्की मॅडम. मी तर आधीपासूनच इतकी काळजी घेते, की..."

मामांनी पुढे होऊन तिच्यासमोरच्या नळ्यांना एकेक करून झाकणं लावली.