नेमका कोणता शिक्का?

परवाना कार्यालयात शिक्के मारणाऱ्या बाईंच्या हातून एका सकाळी चहाचा कप निसटला. कार्यालयाने या घटनेची गंभीर दखल घेतली, कारण चहा साहेबांच्या टेबलावर सांडला होता. बाईंचा अंगठा गेले कित्येक महिने बधिर व्हायचा, बोटांना मुंग्या यायच्या, मनगटापासून कोपरापर्यंत आग व्हायची. पण त्याने कुणाचं टेबल ओलं झालं नव्हतं.

डॉक्टरांनी मनगट दाबलं. बाई कळवळल्या.

"दिवसभर एकच हालचाल करता. आतले स्नायूंचे दोर घासून सुजलेत. मध्ये मध्ये थांबा, मनगट मोकळं करा. असंच चालू ठेवलंत तर पकड जाईल."

बाईंच्या लेकीला काही महिन्यांत बाळ होणार होतं. ज्या हातातून कप सुटतो, त्या हातात तान्हं मूल कोण देईल?

त्या साहेबांकडे गेल्या. साहेब मनाने वाईट नव्हते. फक्त नियमात नसलेलं दुःख त्यांना दिसत नसे.

"इजा झाली म्हणता? नेमकी कोणत्या शिक्क्याने?"

"सगळ्यांनीच, साहेब."

"असं मोघम कसं चालेल, बाई? अपघाताला वेळ लागते, ठिकाण लागतं. तो शिक्का दाखवा, आत्ता कपाटात कोंडतो."

"एकेक काही करत नाही हो. मारत राहिलं की होतं."

"म्हणजे दोषी कुणीच नाही," साहेब समाधानाने म्हणाले.

तरीही कार्यालयाने समिती नेमली. बाईंचा डावा हात कार्यालयीन वेळेत नुसता पडून असतो, हे समितीने चटकन हेरलं आणि त्याला कामाला जुंपलं. डावा नवखा, त्यामुळे जोर जास्त लावायचा. तोही लवकरच ठणकू लागला. दोन्ही हात सारखेच दुखत असल्याने समतोल साधला गेला आहे, असा अहवाल समितीने दिला.

अखेर शिक्के मारणारं यंत्र आलं. बाईंना आनंदाने रडूच फुटलं. यंत्र बसवायला आलेला तंत्रज्ञ साहेबांना म्हणाला, "याला थोड्या थोड्या वेळाने थांबवायचं हं. सतत एकच हालचाल झाली की आतले भाग घासतात."

"अरे बापरे!" साहेब हबकले. "मग विश्रांती हवीच!"

"तेवढ्या वेळात काम कोण करणार?"

"बाई आहेत की."

यंत्रासाठी पंखा आला. वर मऊ कापड आलं. समोर पाटी लागली: 'यंत्र विश्रांती घेत आहे. कृपया सहकार्य करावे.' शेजारच्या खिडकीत बाई शिक्के मारत राहिल्या.

तिथेच त्यांना लेकीचा फोन आला. "आई, मुलगी झाली! कधी येतेस? पहिल्यांदा तुझ्याच हातात द्यायचीय."

बाईंनी शिक्का खाली ठेवला आणि मूठ वळून पाहिली. ती पुरती मिटेना. त्या मनगट चोळत बसल्या.

रांगेत तुम्हीही होतात. यंत्राची पाटी वाचून तुम्ही समजूतदारपणे मान डोलावली होतीत, बराच वेळ शांत उभेही राहिला होतात. आता मात्र तुम्ही बाईंच्या काचेवर टकटक केलीत.

"ओ बाई, आराम घरी जाऊन करा!"