चिंचेवरची घंटी

माघातल्या एका सकाळी लोहाऱ्यात, आमच्या गल्लीमागे असलेल्या व्यंकटच्या चिंचेला एक खाकी गणवेश लटकलेला दिसला. बाह्या भरलेल्या होत्या, पँट भरलेली होती, आणि वाऱ्यानं ते सगळं हळूहळू गोल फिरत होतं. पाहणारा पहिला माणूस दूधवाला होता. किटल्यांसह मोटरसायकल रस्त्यातच टाकून तो पळत गल्लीत आला. "अप्पा गेले! अप्पांनी करून घेतलं!"

गल्ली धावली. मीही धावलो. व्यंकट हातात कोयता घेऊन सगळ्यांच्या पुढं होता, दोर कापायला. झाडाखाली पोचलो तेव्हा अप्पा, म्हणजे आमचे शरणप्पा, बुंध्याशी उकिडवे बसून वर पाहत होते. मान न वळवता ते म्हणाले, "पुढं सरका, पुढं सरका. दारात गर्दी करू नका."

गणवेशात वाळूचं पोतं होतं.

मागाहून हवालदार आले. त्यांनी पोत्याकडं पाहिलं, अप्पांकडं पाहिलं, आणि खाली बसून आधी पाणी मागितलं. "अप्पा," ते म्हणाले, "निदान छातीवरचा बिल्ला तरी काढून ठेवायचा."

"दोर वजन झेपतो का बघत होतो," अप्पा म्हणाले.

"मग नुसतं पोतं टांगायचं की. कपडे कशाला?"

"नुसतं पोतं टांगलं तर लोक म्हणतेल, चोरीचा माल लपवलाय. उगं गैरसमज नको."

शरणप्पा निवृत्त एसटी कंडक्टर. सगळी नोकरी त्यांनी लोहारा आणि उमरगा या दोन गावांच्या मधे उभ्यानं केली. निवृत्तीनंतरही ते ओट्यावर बसत नाहीत, खांबाला टेकून उभे राहतात. गल्लीतल्या लग्नात पंगत बसली की "जागा आहे, जागा आहे, मागं जागा आहे" असं म्हणत ते माणसं बसवतात. कुणाच्या घरून निघताना दोनदा कडी वाजवतात. एक घंटी म्हणजे थांबा, दोन घंटी म्हणजे चला. यापलीकडं माणसाला फार बोलायची गरज नाही, असं त्यांचं मत आहे.

आणि ते भित्रे आहेत. हे मी हिणवण्यासाठी सांगत नाही, पुढचं कळावं म्हणून सांगतो. उंचीला ते इतके भितात की नोकरीत एकदाही गाडीच्या टपावर चढले नाहीत. टपावर सामान टाकायचं असलं की एखाद्या प्रवाशाला गोड बोलून वर पाठवत. घरात बल्ब बदलायचा तर स्टुलावर त्यांच्या पत्नी सुभद्राकाकू चढायच्या आणि अप्पा खालून स्टूल धरायचे. त्यातही डोळे मिटून. काकू वरून म्हणायच्या, "अहो, मी चढलेय, चक्कर तुम्हाला कशी येते?"

गेल्या दिवाळीच्या आधी सुभद्राकाकू गेल्या. लेक हैदराबादला. ती येऊन काही दिवस राहिली, परत गेली, जाताना वडिलांना नवा मोबाइल देऊन गेली. त्या मोबाइलवर अप्पांनी पाहिलं की परदेशात माणसं हौस म्हणून झाडावर चढतात. कमरेला पट्टे, डोक्यावर टोपी, आणि दोराला धरून वर. हे त्यांनी मला खांबाला टेकून सांगितलं. "खायला काय न्हाय, तोडायला काय न्हाय. नुसतं वर जाऊन बसतेत. आन् उतरतेत."

मला ते गमतीचं वाटलं. आठवडाभरानं त्यांनी बाजारातून जाड दोर आणला, तेव्हा वाटेनासं झालं.

आमच्या भागात एकटा म्हातारा माणूस दोर घेऊन झाडाकडं निघाला, तर कुठं निघालात असं त्याला कुणी विचारत नाही. चपला पायात सरकवतात आणि मागं जातात. अप्पा पहिल्यांदा दोराचं वेटोळं खांद्यावर टाकून निघाले, तेव्हा मी मागं गेलो. मला वाटलं मी एकटाच आहे. बांधाच्या पलीकडं व्यंकट होता. शेजारच्या फातिमाबी गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. सगळे कपडे घालून झाल्यावर तेच काढून परत घालत होत्या. अप्पांनी वळून पाहिलं तेव्हा व्यंकट म्हणाला, "शेळी चुकलीय, ती बघायलोय." व्यंकटकडं शेळी नाही.

त्या दिवसापासून अप्पा दोर घेऊन निघाले की कुणी ना कुणी मागं असे. पाळ्या कुणी लावल्या नव्हत्या. व्यंकटची शेळी रोज चुकायची.

दोर तर आणला, पण तो उंच फांदीवरून टाकायचा कसा, हा पुढचा प्रश्न. त्याची रीत अप्पांनी मोबाइलवरच शिकून घेतली होती. आधी एक जड पिशवी फांदीवरून फेकायची, तिच्यामागं बारीक दोरा, दोऱ्यामागं जाड दोर. "आधी ड्रायव्हर, मग कंडक्टर, मग पॅसेंजर," अप्पा सांगायचे. जड पिशवी म्हणून त्यांनी सुभद्राकाकूंची पानाची चंची घेतली. तिच्यात सायकलचे छर्रे भरले आणि तोंड शिवून टाकलं.

पहिलं हत्यार गोफण. पाखरं हाकलायची साधी गोफण, पण अप्पांनी ती आयुष्यात कधी फिरवली नव्हती. चंची झाडाकडं जायच्या ऐवजी मागं गेली आणि व्यंकटच्या पत्र्याच्या शेडवर बसली. आतल्या म्हशीनं दावं तोडलं. दुसरं हत्यार बाभळीची मोठी बेचकी. जमिनीत पुरलेली, सायकलच्या ट्यूबचं रबर लावलेली. ती ताणताना अप्पा स्वतःच आधी पुढं ओढले जायचे. तिसरं हत्यार प्लास्टिकच्या पाइपाचं होतं. त्यात पंपानं हवा भरायची आणि खटका सोडायचा. ते चाललं. फार चाललं. चंची चिंचेवरून गेली, लिंबावरून गेली आणि फातिमाबींच्या गच्चीवर वाळत घातलेल्या शेवयांमधून आरपार झाली.

फातिमाबी कठड्यावर येऊन म्हणाल्या, "अप्पा, मी मेले तर जन्नतमध्ये काकूंना काय सांगू? तुमच्या मियाँनं तुमच्याच चंचीनं मारलं?"

अप्पांनी मान खाली घातली. चंची परत आणून दिली की ते आधी ती धोतराच्या सोग्यानं पुसायचे, मग पुन्हा पाइपात घालायचे. नंतर नंतर पंपाचा फुस्स फुस्स आवाज सुरू झाला की गल्लीत दारं लागत. आम्ही मागं जाणारे मात्र आत जाऊ शकत नव्हतो. बांधाआड डोक्यावर हात धरून बसायचो. चंचीचं भय वेगळं आणि दोराचं वेगळं. दोन्ही एकाच माणसाच्या हातात होती.

एक गोष्ट आम्हाला कळत नव्हती. नेम सुधारल्यावर चंची चांगल्या, भक्कम फांद्यांवरून पलीकडं पडू लागली. अप्पा खाली उभं राहून पाहायचे आणि दोरा ओढून घ्यायचे. "ही न्हाय. हिच्या वरची."

"अहो अप्पा, बैल टांगला तरी मोडायची न्हाय ही," व्यंकट म्हणायचा.

"असंल. ही न्हाय."

झाडाच्या दक्षिण अंगाला, पार वर, दोन फांद्यांचं एक बेचकं होतं. त्यांना तेवढंच हवं होतं.

लेकीनं चढायचे पट्टे आणि कड्या घरपोच पाठवल्या. हैदराबादला बसून तिला वाटलं असावं की बापाला छंद लागला. मग वाळूच्या पोत्याची ती सकाळ आली. त्या दिवशी सगळे पांगल्यावर मी अप्पांना विचारलंच.

"अप्पा, आम्ही सगळे तुमच्या मागं मागं का येतो, ठाऊक आहे का तुम्हाला?"

"हाय की. तिकीट न काढलेला माणूस चेहऱ्यावरनं कळतो मला. तुम्ही सगळे तसेच उभे राहता."

"मग एकदा सांगून टाका ना, की तसं काही नाही."

अप्पा पोत्याच्या अंगातला सदरा काढत होते. एकेक बटण सोडवत म्हणाले, "सांगितलं असतं, तर आला असता का?"

घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं की "तसं काही नाही" हे वाक्य त्यांनी तेव्हाही उच्चारलं नव्हतं. व्यंकटला हे सांगितलं. त्याला त्या रात्री झोप लागली नाही, असं तो म्हणाला. मलाही लागली नव्हती.

फाल्गुनात चिंच झोडून झाली. झाड मोकळं झालं आणि एका संध्याकाळी चंची बरोबर त्या वरच्या बेचक्यातून गेली. अप्पांनी दोरा ओढला नाही. जाड दोर वर चढवला आणि म्हणाले, "उद्या चारला."

दुसऱ्या दिवशी व्यवस्था अशी होती. दोराचं एक टोक अप्पांच्या पट्ट्यांना. दुसरं टोक बुंध्याला वेढे देऊन व्यंकटच्या आणि माझ्या हातात. अप्पा बुंध्याला, फांद्यांना धरून चढणार, आम्ही सैल पडलेला दोर ओढून घेणार. बुंध्यावर पितळी घंटी बांधली होती आणि तिची दोरी अप्पांच्या मनगटाला. एक घंटी म्हणजे पोचलो, थांबा. दोन घंटी म्हणजे खाली सोडा.

अप्पांनी तोच खाकी सदरा घातला होता.

"अप्पा, नका जाऊ," व्यंकट म्हणाला. "झाड माझं हाय. काय झालं तर मी तोंड कुठं लपवू?"

"पायरी मोकळी ठेवा," अप्पा म्हणाले आणि डोळे मिटले.

ते डोळे मिटूनच चढले. वीतभर चढायचे, थांबायचे, तोंडानं "चला, चला, चला" असं स्वतःलाच म्हणायचे. पहिल्या फांदीशी त्यांची एक चप्पल पडली. ती व्यंकटच्या पाठीवर बसली आणि तो मोठ्यानं ओरडला. वरून अप्पाही ओरडले. पुढं पाल्यात आधी डोकं गेलं, मग सदरा, शेवटी पाय. मग काहीच दिसेना. दोर तेवढा हातात थोडा थोडा येत राहिला.

एक घंटी वाजली. आम्ही थांबलो.

त्यानंतर काही वाजलं नाही. दोर सैल पडला. वर बसले असतील तर सैल पडणारच, हे मला कळत होतं. पट्टे काढले असतील तरीही तसाच पडणार, हेही कळत होतं. व्यंकटनं हाक मारली. पुन्हा मारली. वरून उत्तर आलं नाही.

"सोडलं का काय त्यांनी?" व्यंकट कुजबुजला. "दादा, बोला की कायतरी. पट्टे सोडले का काय?"

फातिमाबी गच्चीवरून उतरून चपलांशिवाय तशाच काट्यांतून आल्या. त्यांनी वर पाहिलं. "कुठं बसलेत? त्या दक्षिणेकडच्या दुबेळक्यात?"

"हो."

"मग हाका मारू नका, भैया." त्या बुंध्याला हात लावून उभ्या राहिल्या. "ती काकूंची जागा आहे."

मग त्यांनी सांगितलं ते असं. लग्न होऊन काकू या गल्लीत आल्या तेव्हापासून त्या झाडावर चढत. माहेरची सवय. दुपारची कामं उरकली की पदर खोचून वर. खाली फातिमाबी राखण करायच्या, कुणी येताना दिसलं की खोकायच्या. त्या बेचक्यातून उमरग्याचा रस्ता दिसतो. अप्पांची संध्याकाळची गाडी वळणावर दिसली की काकू उतरायच्या आणि चहा टाकायच्या. अप्पा दारात यायला आणि चहा उकळायला एकच गाठ पडायची.

"अप्पा सगळ्यांना सांगायचे, माझ्या बायकोला न सांगता कळतं मी आलोय ते. लई कौतुक त्याचं. काकूंनी कधी बोलून दाखवलं नाही. मला कसम घातली होती." फातिमाबींनी डोळ्यांना पदर लावला. "काकू गेल्यावर अप्पा एकदा म्हणाले, आता कुणाला कळणार मी आलो ते. मग राहवलं नाही मला. मी त्यांना सगळं बोलून गेले."

"मग ते वर कशाला गेलेत?" व्यंकटनं विचारलं. दोर तसाच सैल होता. आम्ही तिघं वर पाहत उभे राहिलो. दिवस उतरला होता.

उमरग्याच्या रस्त्यावर गाडीचा हॉर्न ऐकू आला. आम्हाला खालून फक्त आवाज आला, गाडी दिसली नाही. आवाज वळणावर मोठा झाला, मग स्टँडच्या दिशेनं गेला आणि बंद पडला.

बुंध्यावरची घंटी दोनदा वाजली. दोर ताठ झाला. फातिमाबी चहा टाकायला घराकडं गेल्या.