यंदाचा रुमाल पुरस्कार

सिनेमातलं कळतं असं म्हणणारी माणसं कोथरूडमध्ये ढिगाने सापडतील. पण ज्याला खरोखर कळतं असा माणूस एकच, आणि तो आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. म्हणजे मी, दत्तप्रसाद! निवृत्त झाल्यापासून दर डिसेंबरात मी वर्षभरातल्या चित्रपटांना माझे स्वतःचे पुरस्कार जाहीर करतो, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर. सर्वोत्कृष्ट मध्यंतर, खलनायकाची सर्वोत्कृष्ट मिशी, बाहेर जाऊन चहा पिऊन आलं तरी न संपणारं सर्वोत्कृष्ट गाणं... नेमक्या त्याच वेळी सेक्रेटरी 'उद्या पाणी उशिरा येईल' असा मेसेज टाकतो आणि माझा निकाल वर सरकतो. जळतात लोक!

सर्वोत्कृष्ट चित्रपट मी कसा निवडतो, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सिनेमा संपला की मी आमच्या हिच्या, राजनंदिनीच्या, रुमालाला हात लावून बघतो. कोरडा असेल तर सिनेमा बेकार. दमट असेल तर बरा. पिळता आला तर सर्वोत्कृष्ट! दिग्दर्शन, पटकथा, छायाचित्रण वगैरे सगळं त्या पिळण्यात आलं.

ही पद्धत आमच्या स्कूटरच्या काळातली. काय दिवस होते हो! बाल्कनीची दोन तिकिटं, मध्यंतरात तेलकट कागदातला वडा, आणि खिशात स्कूटर स्टँडवरचा पत्र्याचा बिल्ला. परतताना ही मागे बसून ओला रुमाल वाऱ्यावर धरायची. डेक्कनहून निघालो की कोथरूड येईपर्यंत तो वाळायचा. तेव्हा कर्वे रस्त्यावर वाराही लागायचा, आता फक्त धूर लागतो. आमची स्कूटर मोठी मानी. एका अंगावर कलती करून, गोंजारून, मग किक मारली तरच सुरू व्हायची. तिच्या स्टेपनीला राजनंदिनीने जुन्या पडद्यातून कव्हर शिवलं होतं, पिवळ्या सूर्यफुलांचं. अख्ख्या पुण्यात तसं दुसरं नव्हतं.

काही वर्षांपूर्वी ती पार्किंगमधून चोरीला गेली. मला घास गिळवेना. राजनंदिनी बिचारी माझ्याबरोबर डहाणूकर कॉलनीतल्या गल्ल्यागल्ल्यांत शोधत फिरली. पोलिसांत तक्रारही तिनेच दिली. "तुम्ही येऊ नका, तुम्हाला त्रास होईल," म्हणाली. अशी बायको मिळायला भाग्य लागतं.

असो. यंदा नोव्हेंबरात आम्ही एक छोटा मराठी सिनेमा बघायला गेलो. नवा दिग्दर्शक, नवे नट, प्रेक्षक कमी आणि खुर्च्या जास्त. हल्लीच्या त्या खुर्च्या! बटण दाबलं की माणूस दवाखान्यात दाखल झाल्यासारखा आडवा. सुरुवातीची नावं पडेपर्यंत मी जागा होतो. एकदम दिवे लागले तेव्हा डोळे उघडले. सवयीने रुमालाला हात लावला, तर चिंब! पिळला तर धार लागली!

झालं. महिनाभराने मी ग्रुपवर जाहीर केलं, 'सर्वोत्कृष्ट चित्रपट. अंतर्मुख झालो. अजून सावरलो नाही.'

दुसऱ्या दिवशी फोन. "सर, मी इंद्रजीत बोलतोय, मांजरीहून. त्या फिल्मचा डिरेक्टर. तुमचा मेसेज फॉरवर्ड होत होत माझ्यापर्यंत आला. सर, आम्हाला मिळालेला हा एकमेव अवॉर्ड आहे!"

"अरे वा! अभिनंदन!" मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

"सर, एक रिक्वेस्ट होती. प्रॉपर फंक्शन कराल का? पप्पा म्हणालेत, एक तरी बक्षीस माझ्या डोळ्यांदेखत मिळालं तर दुसरा सिनेमा काढ. नाहीतर गुमान आपल्या सिमेंटच्या दुकानात बसायचं."

पोराचा आवाज इतका काकुळतीला आलेला की मला नाही म्हणवेना. सोसायटीचा हॉल घेतला, दोन शाली आणल्या, एक पोराला, एक बापाला. नारळ आणले. रविवारी संध्याकाळी सगळी सोसायटी जमली, कारण अल्पोपहार आहे असं मी मुद्दाम लिहिलं होतं.

इंद्रजीत आला तो पायाच पडला. मागून त्याचे वडील, महिपतराव. पांढरी टोपी, धिप्पाड अंग. खुर्ची दिली तरी भिंतीला टेकून उभेच.

"कसा वाटला मुलाचा सिनेमा?" मी विचारलं.

"न्हाय बगितला. दुकान कोन बगनार?"

मग मी भाषणाला उभा राहिलो. "मित्रहो, या चित्रपटातला नायकाचा मृत्यू..."

"सर," इंद्रजीत हळूच म्हणाला, "यात कुणी मरत नाही."

"मनाने मरतो तो! मनाने!" मी ठणकावलं. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत राजनंदिनी माझ्याकडे असं बघत होती की मी भाषण तिथेच आवरतं घेतलं आणि जाहीर केलं, "आता दिग्दर्शक आपल्याला त्यातला एक प्रसंग दाखवतील!"

हॉलमधल्या टीव्हीवर चित्र आलं. पहाटेचं धुकं. अंगण. पाठमोरा माणूस स्कूटर धुतोय. सावकाश, ओल्या फडक्याने, लेकराला न्हाऊ घालावं तशी. मग त्याने ती एका अंगावर कलती केली. स्टेपनीवर पिवळी सूर्यफुलं!

"थांबवा!" मी किंचाळलो. "ही माझी स्कूटर आहे!"

"तुमची कशी?" भिंतीजवळून महिपतराव गरजले. "ती माझी गाडी हाय. आता बी खाली हुबी हाय. तिच्यावरच आलोय न्हवं!"

"म्हणजे चोरीच्या गाडीवर बसून बक्षीस घ्यायला आलात?"

सेक्रेटरीच्या हातातली प्लेट हातातच. महिपतराव ताठ झाले. "चल रं इंद्र्या. बक्षिसाला बोलावत्यात आन बापाला चोर म्हनत्यात. उद्यापास्नं दुकान."

इंद्रजीतचा चेहरा पांढराफटक पडला. आणि राजनंदिनी उठली.

"अहो, बसा खाली. स्कूटर चोरीला गेलीच नव्हती. मी गॅरेजवाल्याला दिली होती."

"तू?"

"मग काय करणार? रोज किक मारायचात आणि रोज कंबर धरून ओरडायचात! डॉक्टरांनी सांगितलं तरी ऐकलं नाहीत. मला नवरा हवा होता, मग स्कूटर घालवली."

"अगं पण माझी सही?"

"तुम्ही पेपरातलं सिनेमाचं पान वाचत होतात. जे पुढे केलं त्यावर सही ठोकलीत. आणि सिनेमात ती दिसली तेव्हा मी रडले, तोच रुमाल पिळून तुम्ही पुरस्कार दिलात!"

महिपतराव पुढे आले. "त्या गॅरेजवाल्यानंच दिली मला. म्हनला, बाईंची एक अट हाय. भंगारात घालायची न्हाय, आन ते फुलाफुलाचं कव्हर काडायचं न्हाय. मी म्हनलं, न्हाय काडनार." ते राजनंदिनीकडे वळले. "पर ताई, मग तुमी रडलात ते गाडीपायी? पोराच्या शिनेमापायी न्हाय?"

अख्खा हॉल तिच्याकडे बघत होता.

"दादा," राजनंदिनी म्हणाली, "गाडी इतकी वर्षं आमच्या दारात उभी होती, तेव्हा मी एकदाही रडले नाही. या मुलाने ती अशी दाखवली, की मला आमचं सगळं तरुणपण त्या अंगणात उभं दिसलं. मग नाही राहवलं."

महिपतरावांनी टीव्हीकडे पाहिलं. पडद्यावर तो पाठमोरा माणूस थांबलेला, हातात फडकं. ते टीव्हीच्या अगदी जवळ गेले.

"ह्यो... मी हाय की रं?"

"हो पप्पा. तुम्हाला न सांगता शूट केलं. सांगितलं असतं तर टोपी इस्त्री करून बसला असता."

त्यांनी टोपी काढली, डोळ्यांना लावली, पुन्हा घातली. "काड मग अजून एक," ते म्हणाले. "दुकान बगतो मी."

मी चोर म्हटल्याबद्दल हात जोडले, तर त्यांनी मलाच मिठी मारली. त्यांच्यासाठी आणलेली शाल त्यांनी राजनंदिनीच्या हातात दिली. "ही तुमची, ताई." मलाही भरून आलं, आणि माझ्याकडे तर रुमालही नव्हता.

खाली आलो. स्कूटर उभी होती, जुन्या मैत्रिणीसारखी! महिपतराव म्हणाले, "मारा की एक किक."

"अहो, कंबर!" राजनंदिनी ओरडली.

पण मी कसला ऐकतोय! एका अंगावर कलती केली, गोंजारली आणि मारली किक. पहिल्या किकला सुरू झाली हो! मी मात्र तिथेच बंद पडलो.

त्यामुळे हा सुधारित निकाल अंथरुणात पडून लिहितोय. सर्वोत्कृष्ट चित्रपट तोच. सर्वोत्कृष्ट अभिनय, सौ. राजनंदिनी. आपणच दिलेली स्कूटर माझ्याबरोबर गल्ल्यागल्ल्यांत शोधत फिरली, आणि दर वळणावर "दिसली का हो?" असं विचारत होती! तिची शाल तिला मिळेलच. सध्या ती माझ्या कमरेला गच्च बांधलेली आहे.