प्रेरणेचे तास, आठवड्यातून चार

कोणत्याही शाळेला इमारत, फळे आणि प्रेरणा या तीन गोष्टी लागतात. पहिल्या दोन विकत मिळतात. तिसरीसाठी कुणाला तरी पडावं लागतं.

या शाळेला इमारत होती, फळे एकवीस होते. प्रेरणेच्या नावानं मात्र बोंब होती. संस्थापकांची तसबीर होती, पण ते नव्वदीत, झोपेत, पोटभर जेवून गेलेले. त्यांच्याकडून मुलांनी घ्यायचं काय? ही उणीव शेवटी गणिताच्या बाईंनी भरून काढली.

बाई मुळात प्रेरणादायी वगैरे अजिबात नव्हत्या. एकोणीस वर्षं गणित शिकवत होत्या. हातचा विसरणाऱ्याला त्या कधी विसरत नसत. मुलं पाठीमागं त्यांना ‘खडूस’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. नववी ‘ब’च्या वर्गातलं घड्याळ सात मिनिटं मागं पडायचं. बाईंनी सहा अर्ज केले. सातवा लिहायच्या ऐवजी टेबलावर स्टूल ठेवून त्या स्वतःच चढल्या. स्टुलाचा एक पाय आखूड निघाला. (‘घड्याळाच्या वेळेत सुधारणा आढळली नाही,’ अशी चौकशी अहवालात नोंद आहे.)

पाठीचा कणा मोडला, आतल्या मज्जारज्जूला इजा झाली आणि कमरेखालचं शरीर बाईंच्या अखत्यारीतून गेलं. दोन महिने त्या भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. नवऱ्याशीही धड बोलेनात. तिसऱ्या महिन्यात व्यायाम शिकवणाऱ्या ताई आल्या आणि म्हणाल्या, “बाई, पलंगावरून खुर्चीत जायचंय. खुर्ची किती तिरकी लावू?”

बाईंनी मान वळवली. “तिरकी म्हणजे काय? कोन सांगा.”

“तुम्हीच सांगा.”

“तीस अंश. आणि ब्रेक आधी लावा, नाहीतर उत्तर चुकेल.”

तिथून पुढं नऊ महिने बाई विद्यार्थिनी झाल्या. चाकाच्या खुर्चीत बसणं, परत पलंगावर येणं, दर चार तासांनी नळी घालून लघवी काढणं, सगळं शिकल्या. बसून बसून जखम होऊ नये म्हणून दर पंधरा मिनिटांनी दोन्ही हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, हेही. नवरा सुतार. त्यानं घराची दारं रुंद केली, स्वयंपाकाचा ओटा खाली आणला. आता ओट्याशी वाकून त्याची पाठ दुखते. (“घरात एकाची तरी दुखायचीच,” असं तो म्हणतो.)

बाई शाळेत परतल्या त्या दिवशी सभागृहात सत्कार झाला. बाईंसाठी खास रॅम्प बांधला होता. तो थेट व्यासपीठावर जात होता. दुसरीकडे कुठंही जात नव्हता. भाषण ऐन रंगात असताना बाईंनी नेमानं हातांवर अंग उचललं. हेडमास्तर गहिवरले. “बसा, बसा बाई! उठू नका!” सगळी सभा टाळ्या वाजवू लागली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी दोघी पालक हमसून रडल्या.

सत्कारानंतर हेडमास्तरांनी नवं वेळापत्रक हातात ठेवलं. गणित चित्रकलेच्या सरांकडं गेलं होतं. बाईंच्या नावापुढं लिहिलं होतं: प्रेरणा, आठवड्यातून चार तास, सभागृह.

“सर, माझी नववी ‘ब’?”

“ती दुसऱ्या मजल्यावर आहे बाई. अडचण तुमची नाही हो, जिन्याची आहे.”

“मग वर्ग खाली आणा. ती सभागृहाशेजारची खोली आहे की.”

“तिथं मोडके बाक आहेत. ते वर कसे चढवणार?”

“मी तरी कुठं चढतेय?”

“तुम्ही एकट्या आहात,” हेडमास्तर समजुतीनं म्हणाले. “बाक सदतीस आहेत.”

सदतीस एकापेक्षा मोठे, हे गणिताच्या माणसाला मान्यच करावं लागतं.

प्रेरणा हा विषय पन्नास गुणांचा होता. डोळे पाणावणे, दहा. आवंढा गिळणे, पाच. ‘आपली दुःखं किती लहान’ हे आपणहून म्हणणे, वीस. उत्स्फूर्त टाळ्या (सरांनी खूण केल्यावर), पंधरा. स्वच्छतागृहाचं दार अठ्ठावन्न सेंटिमीटर आणि खुर्ची चौसष्ट, ही बाब बाईंनी लेखी कळवली. अभ्यासक्रमात तिला गुण नसल्यामुळं कागद पुढं सरकला नाही. शेवटी सुट्टीच्या दिवशी नवराच करवत घेऊन आला आणि दार मोठं करून गेला.

पहिल्या आठवड्यात बाई व्यासपीठावर बसल्या आणि बघितल्या गेल्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांचं टाळकं फिरलं.

“रडणं बंद! वह्या काढा. दुसऱ्या रांगेतली, टेप घे आणि रॅम्प मोज.”

उंची साठ सेंटिमीटर निघाली, लांबी दोनशे चाळीस. म्हणजे चढ एकाला चार. हवा एकाला बारा. मग रॅम्प किती लांब हवा होता? सातशे वीस. सभागृहात प्रथमच कुणाच्याही डोळ्यांत पाणी नव्हतं.

दुसऱ्या रांगेतली मुलगी म्हणाली, “पण बाई, चार सर ढकलतात की तुम्हाला. ते धरले तर चालेल ना?”

“ढकलणारे धरायचे नाहीत. शून्य.”

मुलीची आई दुसऱ्या दिवशी तणतणत आली. माझ्या मुलीला प्रेरणेत शून्य? तिला काय काळीज नाही? आणि ही बाई नुसती खडूस आहे! हेडमास्तरांनी तिची माफी मागितली आणि जड अंतःकरणानं बाईंना सगळं सांगितलं.

बाई घरी आल्या त्या गुणगुणत. नवऱ्यानं रंधा थांबवला. “काय झालं गं?”

“आज मला खडूस म्हणाले.”

“खरं?” तो म्हणाला. “कोण?” आणि भुसा झटकत तिच्याजवळ येऊन बसला. पुन्हा पहिल्यापासून सांग म्हणाला. तिनं तीनदा सांगितलं.

पुढच्या तासाला बाईंनी फळ्यावर उदाहरण लिहिलं. मोडके बाक सदतीस, मुलं बेचाळीस, एका बाकाला चार मुलं, एका खेपेला पाच मिनिटं. बाक रॅम्पवरून व्यासपीठावर न्यायला किती वेळ लागेल? उत्तर वीस मिनिटं. “प्रात्यक्षिक करा,” बाई म्हणाल्या. प्रत्यक्षात सव्वीस लागली. (दारात अडकणं मुलांनी धरलं नव्हतं.)

हेडमास्तर धावत आले तेव्हा व्यासपीठ बाकांनी खच्चून भरलं होतं, शेजारची खोली रिकामी होती आणि तिच्या दाराशी खुर्चीत बाई होत्या.

“हे काय बाई? प्रेरणेचा तास कुठं घ्यायचा आता?”

“व्यासपीठावरच घ्या की. बघा तरी त्यांच्याकडं. कुणाला तीन पाय, कुणाला दोन. तरी वर चढले.”

हेडमास्तरांनी बराच वेळ पाहिलं. मग चष्मा काढून पुसला. दुसऱ्या दिवसापासून प्रेरणेच्या तासाला मुलं बाकांसमोर बसतात. निकाल चांगला लागतो. बाक कधी शून्य देत नाहीत.

नववी ‘ब’ खाली आली ती कायमची, आणि तिचं गणित पुन्हा बाईंकडं आलं. बाईंचं सगळंच सुखाचं चाललंय असं नाही. काही सकाळी पाय आपले आपणच थडथडतात, कधी तापानं आठवडा जातो. मग त्या परत येतात आणि बुडालेले तास वसूल करतात. मुलांना वाटतं, ताप आणखी टिकायला हवा होता.

गणिताचे गुण वाढले तसा पालकांना बाईंचा अभिमान वाटू लागला. “बाई, एकदा घरी या ना चहाला.” बाई विचारतात, “दाराला पायऱ्या किती?” “पायऱ्या? छे हो, असतील एक-दोन.” बाईंनी टिपून ठेवलंय: आजवर तेवीस निमंत्रणं, ‘एक-दोन’ची सरासरी नऊ पूर्णांक चार.

तेव्हा वाचकहो, एवढं सगळं वाचून तुमच्या मनातही बाईंविषयी आदर दाटून आला असेल. तुम्हालाही त्यांना चहाला बोलवावंसं वाटत असेल. जरूर बोलवा. माणसांत यायला त्यांना आवडतं. फक्त तुमच्या दाराला पायऱ्या किती, तेवढं सांगा.

उठून मोजायचं नाही. रोज चढता की.